टोकन देण्याआधी थोरांना विचारणे

थोरांना न विचारता केलेले काम कितीही चोख असले, तरी त्याला काम म्हणत नाहीत; आगाऊपणा म्हणतात.

संगणकाच्या प्रोग्रॅमांतही हा संस्कार टिकून आहे, ही समाधानाची बाब होय. तिथे जुन्या क्लासमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या साच्यातून, नवा क्लास काढला, की जुन्याच्या मेथड, म्हणजे कामाच्या पद्धती, नव्याला वारशाने मिळतात. एखादी पसंत नसल्यास त्याच नावाची आपली लिहावी. याला ओव्हरराइड करणे म्हणतात. मात्र जुनी मेथड मरत नाही. ‘सुपर’ अशी एक ओळ लिहिली, की आपल्या मेथडच्या आधी ती जुनी चालते. धाकटीच्या ऑफिसात ही ओळ सक्तीची होती. (का, हे विचारणे सक्तीचे नव्हते.)

धाकटी म्हणजे ऑफिसातली सर्वांत नवी प्रोग्रॅमर. शुक्रवारी तिची नोकरी कायम व्हायची होती. डोळ्यांच्या दवाखान्यात टोकन देणारा क्लास तिच्याकडे होता. एका टोकनाला पाऊण मिनिट लागे. त्याच खिडकीपुढे दर महिन्याला तिची आई सुजलेल्या गुडघ्यांवर उभी राही, म्हणून धाकटीने एकदा त्या ओळीच्या मागे काय आहे ते पाहिले.

वर नऊ पिढ्या निघाल्या. मूळ पुरुषाच्या मेथडमध्ये एकच आज्ञा होती: पाच सेकंद थांब. शेजारी टीप: ‘प्रिंटर गरम होईपर्यंत. तात्पुरते.’ (तो प्रिंटर अकरा वर्षांपूर्वीच भंगारात गेला.) खालच्या आठही जणांनी आपापल्या वडिलांना रीतसर हाक मारली होती आणि, बाप थांबतो त्याअर्थी काहीतरी कारण असणारच, म्हणून स्वतःचे पाच-पाच सेकंद जोडले होते. एकूण पंचेचाळीस. रोजचे रुग्ण दोनशे. म्हणजे दररोज अडीच तास अधू डोळ्यांची माणसे एका मेलेल्या प्रिंटरसाठी ताटकळत.

मंगळवारी धाकटीने ती ओळ काढली. नऊला उघडलेल्या खिडकीवरची टोकने साडेनऊच्या आत वाटून झाली, आणि बाकांवरच्या दोनशे जणांच्या प्रथमच लक्षात आले, की डॉक्टर साडेअकराला येतात.

दुपारी दवाखान्याची लेखी तक्रार आली: ‘प्रणालीत वेगाचा दोष उद्भवला आहे.’

“काका, तो प्रिंटर आता नाहीच आहे हो,” धाकटी म्हणाली. काका म्हणजे तिचे वरिष्ठ.

“नसेल. पण थांबणं तपासून झालंय, पोरी. न थांबणं कुणी तपासलंय? शुक्रवारी तुझ्या कागदावर मला सही करायचीय. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

धाकटीने ओळ परत घातली. सुधारणा दिसावी म्हणून खाली आपलेही पाच सेकंद जोडले. शुक्रवारी सही झाली.

पुढच्या महिन्यात आई दवाखान्यातून आली ती गुडघे चोळतच बसली. “एवढा वेळ का गं लागतो तिथे?”

“सिस्टिम स्लो असते, आई.”

“हो का? मग तू तरी काय करणार!”

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ओळ मात्र जागच्या जागी राहिली.

आपणही परवा अशाच एका खिडकीपुढे उभे होतात. आतून ‘सिस्टिम स्लो आहे’ असे सांगताच आपण समंजसपणे मान डोलावलीत, वर कुरकुरणाऱ्या मागच्या माणसाला दटावलेत. आपल्या या सहकार्याची नोंद ‘चाचणी यशस्वी, तक्रार नाही’ अशी करण्यात आली आहे.