मॅडमच्या वहिनी कशा झाल्या

ज्या दिवशी कलाकेंद्राच्या संचालिकाबाई मॅडमचा वर्ग बघायला येणार होत्या, नेमका त्याच दिवशी सकाळी मॅडमचा घसा बसला. बसला म्हणजे नुसता बसला नाही, आडवाच झाला. नवऱ्याला उठवायला त्यांनी "अहो" म्हटलं, तर त्यातला फक्त "हो" बाहेर आला. "मी काही विचारलंच नाही, तर हो कशाला म्हणतेस?" असं म्हणून नवऱ्याने कूस बदलली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितली. "आठवडाभर अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्तच चिडतो." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. घसा दुखत असेल, असं डॉक्टरांना वाटलं.

दुखणं घशाचं नव्हतं. मॅडम घरातल्या जेवणाच्या टेबलावर पॉलिमर क्लेचे केन शिकवायच्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही रंगीत माती म्हणायला माती, एरवी प्लास्टिकच, पण कणकेसारखी मळता येते. तिच्या वळ्या आणि पट्ट्या एकमेकींना चिकटवून एक जाडजूड दांडा करायचा. तोच केन. त्याच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत चित्र असतं, फुलाचं, पानाचं, पक्ष्याचं. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. मग तो दांडा दाबून, ओढून बोटाएवढा बारीक करायचा आणि चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तेच चित्र, इवलंसं. चकत्या भट्टीत भाजल्या की झाली बटणं, नाहीतर कानातली. मॅडमच्या चकतीवरच्या फुलपाखराच्या मिशासुद्धा सरळ असायच्या. हे काम ज्याला सोपं वाटत असेल त्याने एकदा करून बघावं.

कलाकेंद्रात दर शनिवारी असा वर्ग सुरू व्हायचा होता आणि तो मॅडमला हवा होता. जेवायची वेळ झाली म्हणून आवरावं लागणार नाही असं टेबल, भिंतीवर फळा आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. कित्येक वर्षं त्यांनी एवढंच मागितलं होतं, आणि मागणार तरी कुणाकडे, म्हणून मनातल्या मनातच मागितलं होतं. आज संचालिकाबाई स्वतः घरी येणार होत्या आणि मॅडमकडे शब्द नव्हता.

"त्यात काय एवढं," नवरा म्हणाला. "तू हातांनी दाखव. तोंडाचं मी बघतो."

नवरा नुकताच निवृत्त झाला होता. उभा जन्म त्याने एका मोठ्या कचेरीच्या तक्रार निवारण खिडकीत काढला होता. ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यावर समोरच्याचं समाधान होईपर्यंत बोलत राहायचं, हेच त्याचं काम होतं आणि त्यात तो पटाईत होता. मातीला त्याने आजवर हात लावला होता तो फक्त "हे उचल आता, पानं घ्यायची आहेत" म्हणताना. मॅडमने मान डोलावली. दुसरा इलाज काय होता?

वर्गात मोजकीच मंडळी होती. त्यातल्या त्यात बोलक्या दोघी, एक दातांची डॉक्टर आणि एक निवृत्त मेट्रन. संचालिकाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. मॅडमने फुलाचा जाड केन हातात घेतला आणि दाबायला टोकांकडून नाही, कमरेपासून सुरुवात करायची, हे दोन्ही हातांनी दाखवलं.

नवऱ्याने घसा खाकरला. त्याचा घसा ठणठणीत होता.

"मधून सुरुवात करा," तो म्हणाला. "आपली काय सवय असते? आपण टोक धरतो. भांडणात टोक, प्रेमात टोक. आणि मधलं तसंच राहून जातं."

मेट्रनबाईंचे हात जागच्या जागी थांबले.

मॅडमने तळवा उभा केला. माती हाताच्या उबेने मऊ पडली होती. आत्ता कापली तर चित्र चेपणार, तेव्हा आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करायला हवी होती.

"थांबा," नवरा म्हणाला. "थांबायला शिका. सगळ्यांना कापायची घाई. आत काय आहे ते बघायची घाई. अहो, जे आत आहे ते कुठे पळून जातंय का?"

दातांच्या डॉक्टरने फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. मॅडमने घाईघाईने पाटीवर खडूने "फ्रिज" असं लिहून नवऱ्यासमोर धरलं. त्याने ते वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "थोडं थंड व्हा."

मेट्रनबाईंनी डोळे पुसले. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं सख्ख्या बहिणीशी फाटलं होतं, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन केला म्हणे. फूल कुणाचंच नीट झालं नाही, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संचालिकाबाई उठून थेट नवऱ्यापाशी गेल्या. "सर, मी आजवर पुष्कळ वर्ग बघितले. असं शिकवणं बघितलं नाही."

"अहो, मला यातलं काही येत नाही," नवरा म्हणाला. "सगळं हिचं आहे. मी नुसता बोललो."

इथे एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. तो अगदी खरं बोलला. आणि सगळं बिघडलं ते त्या खरं बोलण्यामुळेच. संचालिकाबाई मेट्रनबाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघितलंत? एवढं ज्ञान आणि म्हणतात मला काही येत नाही." मग मॅडमकडे बघून गोड हसल्या. "वहिनी, तुम्ही भाग्यवान आहात हो."

वहिनी. सरांची बायको ती वहिनी, हा सरळ हिशेब. त्या घरात तोवर ना कुणी सर होता ना कुणी वहिनी. दाराबाहेर पडेपर्यंत दातांची डॉक्टरही "येते हं वहिनी" म्हणाली, आणि तीन वर्षं ती मॅडमकडे शिकत होती. तेव्हा आता आपणही त्यांना वहिनीच म्हणू. नाहीतर कुणाबद्दल चाललंय ते कुणाला कळायचं नाही.

आठवडाभरात ते चित्रीकरण कुठून कुठे पोचलं. त्यात सर पूर्ण दिसत होते आणि वहिनींचे मनगटापर्यंत हात. लेकीने परगावाहून फोन केला. "बाबा, तुमच्यात हे होतं आणि आम्हाला पत्ताच नाही. आईला सांगा, हातांना जरा क्रीम लावत जा." सर पहिले दोन दिवस "छे छे" म्हणाले. तिसऱ्या दिवशी नुसते हसले. चौथ्या दिवशी आरशासमोर उभे राहून "थोडं थंड व्हा" हे वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते.

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, म्हणतात. इथे तर विकायला काढलेली मातीही न बोलणाऱ्याचीच होती.

वहिनींचा आवाज परत आला तो नेमका वर्गाच्या दिवशी. त्यांना इतका आनंद झाला की त्या टेबलाशी उभ्या राहून सलग बोलत सुटल्या. मऊ माती आणि कडक माती एका केनमध्ये घालायची नाही, नाहीतर मऊ माती आधी पळते आणि चित्र वाकडं होतं. पट्ट्यांमध्ये हवा राहू द्यायची नाही. ब्लेड दर चकतीला पुसायचं. प्रत्येक शब्द लाखमोलाचा होता.

मेट्रनबाईंनी जांभई दाबली. "वहिनी, तुम्ही घशाला त्रास देऊ नका. सर कुठे आहेत?"

"हे मी शिकवते," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून मीच शिकवते. त्यांना मळतासुद्धा येत नाही."

भरल्या घरात नवऱ्याचा पाणउतारा करणाऱ्या बाईकडे बघावं तसं सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात सर आतून आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "ती म्हणते ते खरं आहे." झालं. सरांची उंची आणखी वीतभर वाढली. वहिनींचं तोंड कडू झालं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वर्ग संपेपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या. त्या का आल्या नाहीत, असं कुणी विचारलंही नाही.

मग केंद्रातून निरोप आला. शनिवारचा वर्ग कुणाला द्यायचा ते ठरवायला समितीसमोर प्रात्यक्षिक होतं. बोलावणं सरांना होतं.

"तू केन करून दे," सर म्हणाले. "मी नेतो आणि कापतो."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण मी काय करू तिथे?"

"बोला. माती ऐकेल तुमचं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं वाईट चिंतलं आणि मनापासून चिंतलं. जाऊ दे एकटा. चारचौघांत तोंडावर आपटू दे. त्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, स्वतःपुरता चहा केला आणि नवरा माती खाऊन परत यायची वाट बघत बसल्या. इतक्या आनंदात त्या कित्येक दिवसांत बसल्या नव्हत्या.

सर परत आले ते हार घालून.

झालं होतं असं. सरांनी समितीसमोर सगळे रंग एकत्र घेतले आणि मळले. कधी थांबायचं ते माहीत नसल्यामुळे मळतच राहिले. लाल, पिवळा, निळा, हिरवा, सगळे मिळून चिखलासारखा एकच तपकिरी गोळा झाला. त्याचा त्यांनी दांडा केला आणि कापला. आत काही नव्हतं. आणखी एक चकती कापली. तिच्यातही काही नव्हतं. समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकले.

"मग तुम्ही काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"काय म्हणणार? घाम फुटला मला. म्हटलं, माफ करा, यात काहीच नाही."

"मग?"

"संचालिकाबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे कबूल करायला धैर्य लागतं. मग सगळेच उठले." सरांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "मला वाटतं, तुझी ती फुलं-फुलपाखरं आता जुनी झाली गं. राग मानू नकोस."

वहिनींनी राग मानला. पण मानून करतात काय? ज्याच्या चकतीत काही नाही त्याला हार, आणि जिच्या चकतीत फुलपाखराच्या मिशा सरळ तिला क्रीम. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सरांना वाटलं, पुन्हा घसा.

शनिवारच्या वर्गाच्या उद्घाटनाला मात्र त्या गेल्या. न जाऊन सांगता कुणाला? लांबलचक टेबल होतं, फळा होता, दारावर पाटी होती. पाटीवर सरांचं नाव होतं. लोक इतके आले होते की मागचे भिंतीला टेकून उभे होते.

संचालिकाबाई कपाळाला हात लावून सरांपाशी आल्या. "सर, एवढ्या लोकांना एका वर्गात कसं बसवायचं? दुसरी तुकडी काढावी लागणार. रविवारी, याच खोलीत. पण शिकवणार कोण?"

"हिला विचारा," सर लगेच म्हणाले. "मला हिच्याइतकं येत नाही." आजूबाजूचे कौतुकाने हसले.

संचालिकाबाई वहिनींकडे वळल्या. नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हत्या, खरंच अडल्या होत्या. "वहिनी, जमेल तुम्हाला? सरांच्या सहवासात इतकी वर्षं आहात. थोडंफार येत असेल ना?"

सगळी खोली वहिनींकडे बघत होती. हेच टेबल, हाच फळा. दारावर दुसऱ्या पाटीला जागाही होती. "मला सगळं येतं, यांना मीच दाखवलं" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं सांगून काय होतं ते त्यांनी एकदा बघितलं होतं. लोकांची तोंडं वाकडी होतात. आणि "मला काही येत नाही" म्हटल्यावर काय होतं, तेही त्यांनी चांगलं तीनदा बघितलं होतं. लोक उभे राहतात. हार घालतात. इतके दिवस आपण उगाच तोंडाची वाफ दवडली, असं त्यांना वाटलं. गुपित एवढंसंच होतं.

वहिनींनी मान खाली घातली. सर हसायचे तसंच मंद हसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "छे हो. मला कुठे काय येतंय."

"अच्छा," संचालिकाबाई म्हणाल्या. "बरं झालं, स्पष्ट सांगितलंत. नाहीतर पुढे पंचाईत झाली असती."

मेट्रनबाईंनी मान डोलावली. दातांच्या डॉक्टरनेही डोलावली. आजवर वहिनींनी सांगितलेलं एवढं एकच सगळ्यांना एकदम पटलं होतं.

संचालिकाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट नका वाटून घेऊ. पुढच्या शनिवारी तुम्हीही येऊन बसा. अगदी नवशिक्यांचीच तुकडी आहे. सर सांभाळून घेतील." आणि त्यांच्यासाठी त्यांनी स्वतः मागच्या रांगेतली एक खुर्ची ओढून दिली.