वैरागडे साहेब पाडून पाहतात

वैरागडे साहेब खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय तिच्यावर बसत नाहीत. खुर्ची कोणाची आहे, कुठे ठेवली आहे, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. बँकेतली असो की दवाखान्यातली, तिची पाठ धरतात, दोन हातांनी गदागदा हलवतात, कान लावून कुरकुर ऐकतात, अन् मग स्वतःशीच "पास" म्हणून टेकतात. एकदा एका मोठ्या हाफिसरानं त्यांना "बसा" म्हटलं. साहेबांनी आधी आपली खुर्ची हलवली, मग टेबलाला वळसा घालून हाफिसराचीही हलवली. हाफिसर तिच्यावर बसलेलाच होता.

"तुमची नापास आहे जी," साहेब म्हणाले. "डाव्या पायाले जपा."

माझ्या मोठ्या पोरीच्या लग्नात तर त्यांनी मांडवच हलवला. सगळे जेवायला बसायच्या बेतात होते. साहेब आले, हातात आहेराचं पाकीट, अन् दारातल्या पहिल्या बल्लीला हात घातला. दोन हिसके दिले. अर्धा मांडव जिलेबीच्या परातीवर येऊन बसला. बँडवाल्याचा ढोल त्याच्या गळ्यातच अडकून राहिला. मी दात-ओठ खात धावलो.

"साहेब, हे काय केलं?"

"काऊन, बरं नाई झालं? आता पडला. अक्षता टाकताना पडला असता तर?"

त्या दिवसापासून आमची बुढी त्यांना पाडेसाहेबच म्हणते.

आता हा माणूस असा का, ते कळायला आमचं काम सांगावं लागेल. चंद्रपूरच्या बाहेर, कारखान्यांच्या वस्तीत, आमची टिनाच्या शेडची लहानशी कंपनी आहे. आमच्या गावातल्या लोकांना वाटतं मी बॉम्ब बनवतो. मी खोडून काढत नाही. पण खरं असं की आम्ही तोफा बनवत नाही अन् गोळेही बनवत नाही. ज्या मोठ्या कंपन्या फौजेसाठी यंत्रं बनवतात, त्यांच्या मागे राहून पडेल ते काम आम्ही करतो. नकाशे काढून देतो, मीटर बरोबर दाखवतं की नाही ते तपासतो, बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस पाठवतो. अन् सगळ्यात मोठं म्हणजे माल जायचा खोका बनवतो. पहाडावर, वाळूत, ट्रकात, खेचराच्या पाठीवर जाऊनही आतलं यंत्र जसंच्या तसं निघालं पाहिजे, असा खोका. तो खोका मी बनवतो. चौथीच्या पुढे शाळेनं मला नेलं नाही, अन् मीही तिच्या पाया पडलो नाही. पण सागाची फळी माझ्याशी बोलते.

मी बनवतो अन् साहेब पाडतात. त्यांचं कामच ते. शेडच्या मधोमध लोखंडी पत्रा बसवला आहे, वर साखळी आहे. नवा खोका आला की आत यंत्राच्या वजनाची वाळू भरायची, साखळीनं कमरेइतका वर घ्यायचा, अन् सोडायचा. आधी तळावर, मग कुशीवर, मग एकेका कोपऱ्यावर. त्याच्या आधी थरथरणाऱ्या टेबलावर बांधून हादरवायचा, पावसाच्या खोलीत भिजवायचा. मी दोन आठवडे घासून-पुसून नवरदेवासारखा सजवलेला खोका हा माणूस हसतमुखानं आपटतो.

"पाहू, पाडून," एवढंच म्हणतात.

अन् एक नियम. खोका पडल्यावर कोणी हात लावायचा नाही. साहेब आधी त्याच्याभोवती फिरणार, वाकून पाहणार, बोट फिरवणार. त्यांचं पाहणं संपलं की मग "उचला, गोमाजीभाऊ." उचलायचं काम माझं. ते स्वतः कधी उचलत नाहीत.

मी सुरुवातीला फार भांडलो. "माझा खोका फुटत नाई," म्हणालो. "मंग भ्या कायले?" ते म्हणाले. अन् फुटला. कोपराच उघडला, वाळू भळाभळा बाहेर. सगळी शेड माझ्याकडे पाहून राहिली. मी म्हणालो, वाळू ओली होती. साहेब हसले नाहीत. कोपऱ्याजवळ उकिडवे बसले अन् म्हणाले, "इथी फुटलं तर आपलं फुटलं, गोमाजीभाऊ. तिथी फुटलं तर त्या जवानाचं." मी तो कोपरा दुसऱ्या तऱ्हेनं बांधला. वाळू ओली होती हे मी अजूनही म्हणतो.

पण ही खोड शेडमध्ये राहिली असती तर कोणाचं काय बिघडत होतं? साहेब घरीही तेच. डबा भरला की उलटा धरून झटकणार. कुंभाराकडं माठ घ्यायला गेले की कुंभार दुकान बंद करून घेतो. चहाच्या टपरीवरच्या बाईनं त्यांच्यासाठी स्टीलचा पेला वेगळा ठेवला आहे. त्यांची बायको लवकर गेली. पोरगी प्रणाली लहान होती. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, वेणी घालण्यापासून. वेणीही ओढून पाहायचे. शाळेला सुट्टी असली की पोरगी आमच्या शेडमध्येच असायची, खोक्यांत लपायची, मला काका म्हणायची.

मग ती मोठी झाली, अन् राजुऱ्याचा एक पोरगा तिनं पसंत केला. निखिल नाव, कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. घरी भेटायला येणार होता. साहेबांनी मलाही बोलावलं. तपासणीला मी नेहमीच लागतो.

मला वाटलं चहा-पोहे असतील. साहेबांनी पोराला आधी स्कूटरच्या मागे बसवलं अन् कोळशाच्या ट्रकांनी खणून ठेवलेल्या रस्त्यानं हिंडवून आणलं. पोरगा उतरला तेव्हा त्याचे दात वाजत होते. हे थरथरतं टेबल झालं. मग मे महिन्याच्या दुपारी त्याला ओसरीत उन्हाकडं तोंड करून बसवलं, अन् पाणी विचारलं नाही. मी डोळ्यांनी खुणावलं, साहेबांनी पाहिलं नाही. मग तिसरी तपासणी, पाडायची.

"तुझ्या पगारात माझी पोरगी काय खाईन? कोळसा?"

साहेबांनी त्याचं घर काढलं, शिक्षण काढलं, शर्ट काढला. मी खाली मान घालून बसलो. पोराच्या कपाळाची शीर उडत होती, पण तो एवढंच म्हणाला, "तुमी मोठे आहा, साहेब. बोला."

साहेब माझ्याकडं वळले. चेहरा असा फुललेला, जसा सहाही बाजूंनी पडून शाबूत राहिलेला खोका पाहून फुलतो. माझ्या कानात म्हणाले, "पास!"

माझ्या कानात. पोराच्या नाही. अन् दारात प्रणाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "खोका पाडला तर काका उचलते. माणूस पाडला तर कोन उचलते?"

तिनं ट्रे खाली ठेवला, पोराला म्हणाली, "चाला." थोड्याच दिवसांत त्यांनी कोर्टात लग्न केलं. साहेबांना बोलावलं नाही. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. राजुरा काही लंकेत नाही, वर्धा नदीचा पूल ओलांडला की आलंच. पण साहेब गेले नाहीत अन् ती आली नाही.

मी एकदा म्हटलं, "जाऊन सांगा ना, पास आहे म्हणून."

"पाहू," म्हणाले. पुढचं 'पाडून' म्हणाले नाहीत, तेव्हाच मला कळलं की आतून काहीतरी हललं आहे.

असं वर्ष उलटलं, अन् यंदा थंडी सुरू झाली तशी एका दुपारी साहेब माझ्या रंध्याजवळ येऊन उभे राहिले.

"गोमाजीभाऊ, एक नवा खोका पाह्यजे. कंपनीचा नाई. सागाची फळी मी आणतो."

"माल काय?"

"नाजूक."

"वजन?"

"सुरुवातीले कमी. पुढे वाढत जाईन."

मी रंधा थांबवला. "साहेब, फौजेत असा कोनता माल आहे का जो खोक्यात वाढते?"

"गुप्त आहे," साहेब म्हणाले. "अन् वरून उघडा पाह्यजे. अन् हलला पाह्यजे, पन इकडून तिकडं, हळूहळू. मालही आतून हालचाल करीन."

"आवाज करते का माल?"

"भल्ला मोठा."

"साहेब, याले पाळना म्हनते."

साहेबांनी रंध्याखालच्या ढलप्या चपलेनं गोळा केल्या. "पोराचा फोन आला होता," म्हणाले. "तिचा नाई. पोराचा. मुलगी झाली. रविवारी बारसं आहे, या म्हने. प्रणालीले सांगतलं नाई त्यानं."

मी जीव ओतून तो पाळणा केला. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. आमचा पेंटर रफीक खोक्यांवर खुणा काढतो, त्यानं हौसेनं पाळण्यावरही काढल्या. वरच्या बाजूचा उभा बाण, पावसापासून जपा म्हणून छत्री, नाजूक माल म्हणून काचेचा पेला. बाण हिरवा, छत्री लाल, पेला निळा. रफीक म्हणाला, "मिस्त्री, पहली बार कलर में किया है."

शनिवारी पाळणा साखळीला टांगला. साहेबांनी आत वाळूची पिशवी ठेवली, जुन्या दुपट्यात गुंडाळून. सगळी शेड जमली. साहेबांनी साखळी हातात घेतली, पाळणा कमरेइतका वर नेला. मी मिशीला हात लावून उभा. आज जगाला कळणार होतं.

साहेब सोडेनात.

पाळणा तिथंच थोडा थोडा झुलत राहिला. साहेब त्या दुपट्याकडं पाहत राहिले. मग एक एक कडी करत त्यांनी तो खाली घेतला, पत्र्याला लागला तरी आवाज झाला नाही.

"झालं," म्हणाले. "चहा घ्या सगळे."

माझं डोकं फिरलं. "झालं म्हनजे? पाडा!"

"नाई पाडत."

"पाडा म्हनतो ना! लोक म्हनतीन गोमाजीचा होता म्हनून सोडला. माझा पाळना काय लेचापेचा आहे?"

"पाळना चांगला आहे."

"पाडल्याबिगर तुमाले कसं कळलं?"

"गोमाजीभाऊ," साहेब म्हणाले, "तुमी बनवला ना?"

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला खुश व्हायला पाहिजे होतं. पण मी काही असा दोन शब्दांत विकत मिळणारा माणूस नाही. मी रुसलो. रविवारी पिकअपमध्ये चंद्रपूर ते राजुरा मी एक शब्द बोललो नाही. साहेब मागे, उघड्यावर, पाळण्याजवळ बसले होते. खड्डा आला की दोन्ही हातांनी पाळणा अलगद वर उचलून धरत होते. मी आरशात पाहत होतो.

घरासमोर माणसं जमली होती. आधी निखिल बाहेर आला. साहेब खाली उतरले अन् सगळ्यांच्या देखत, नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम बोलले, "त्या दिवशी तुमी पास झाले होते. सांगाचं राह्यलं."

निखिलनं वाकून पाळण्याची एक बाजू धरली, दुसरी मी.

दारात प्रणाली आली. छातीशी तान्ही पोर. तिनं बापाकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, अन् दार अडवूनच उभी राहिली.

"बाबा, पाडून पाह्यला?"

"नाई."

"काका, खरं सांगा."

"खरं सांगतो पोरी," मी म्हणालो, अन् माझा आवाज चढलाच. "मी पाय आपटले, भांडलो, तरी नाई पाडला या मानसानं. सगळ्या शेडसमोर माझी इज्जत घालवली!"

प्रणालीनं वाकून निळ्या पेल्यावर बोट फिरवलं. लहानपणी याच खुणांच्या खोक्यांत ती लपायची. ओठ दाबून धरले होते तिनं, पण छत्रीपाशी आली अन् हसूच फुटलं. "लाल छत्री," म्हणाली. मग ती दारातून बाजूला झाली.

आत गेल्यावर साहेब भिंतीला टेकून उभे राहिले, हात मागे बांधून. प्रणाली त्यांच्यासमोर गेली.

"घ्या."

"मले नाई जमत," साहेब म्हणाले. "उचलाचं काम गोमाजीभाऊचं आहे."

"आज काका नाई उचलत," ती म्हणाली, अन् पोर त्यांच्या हातात दिली.

साहेब पोर घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. हलेनात. श्वासही मोजून घेत असावेत. निखिलनं खुर्ची आणून मागे ठेवली. "बसा ना, बाबा."

साहेबांनी खुर्चीकडं पाहिलं, मग पोरीकडं. दोन्ही हात गुंतलेले. ते तसेच उभे राहिले अन् मान वळवून माझ्याकडं पाहू लागले. डोळे भरून आले होते, पण ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मी रुसलेलोच होतो. तरी गेलो. खुर्चीची पाठ धरली, दोन हातांनी गदागदा हलवली, कान लावून ऐकलं.

"बसा साहेब," मी म्हणालो, "पास आहे."