डोमाजीराव जिवंत आहेत

अंजनगावात डोमाजीरावांना रामराम घातला की ते उलट रामराम घालत नसत. "नखं दाखवा," म्हणत. मी नवीन बदलून आलेला मास्तर. पहिल्याच दिवशी भर बाजारात दहाही बोटं पुढं करून उभा राहिलो. डाव्या करंगळीपाशी ते थबकले. "यात अख्खं अंजनगाव भरलं हाय, मास्तर," एवढं म्हणाले आणि निघून गेले.

सरकारी नोकरीत ते देवी टोचणारे होते. पेन्शन सुरू झाली, पण माणूस थांबला नाही. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं, तेव्हा आमच्या आळीचं आरोग्य त्यांनी दत्तक घेतलं. थुंकणाऱ्याच्या मागे राख घेऊन चालत. पंगतीत शिरून पत्रावळी हुंगत. त्यांना लांबून पाहिलं की लोक गल्ली बदलत. मीही बदलत असे.

त्या पावसाळ्यात आसपासच्या गावांत पटकीची साथ आली. डोमाजीरावांनी तहसिलीतून लाल दवा आणून आळीच्या विहिरीत टाकली. पाणी गुलाबी झालं. बाया घागरी घेऊन उभ्या, पण भरेना कोणी. शेवटी पानमळेवाल्या सखुबाईंनी तोडगा काढला. "आज तुमीच प्या. सकायी जिते दिसले त आमी भरू."

डोमाजीराव लोटाभर प्याले. तेव्हापासून रोज संध्याकाळी दवा, लोटा आणि सकाळी पाळीप्रमाणे एकेका घरचा माणूस त्यांना बघून येई. गणपती बसवायला आमची चार घरं कधी एकत्र आली नाहीत, पण डोमाजीराव जिवंत आहेत की नाहीत हे पाहायची पाळी कोणी चुकवली नाही. एवढी एकी मी दुसरीकडे पाहिली नाही. साथही आमच्या आळीत शिरली नाही.

थंडी पडली, साथ ओसरली, तहसिलीतून दवा यायची थांबली. विहीर मात्र रोज थोडी गुलाबी असायचीच. एका दुपारी सहज त्यांच्या घरी गेलो, तर चुलीवर मोठ्या गंजात अंबाडीची लाल बोंडं उकळत होती. शेजारी दवेची रिकामी बाटली धुऊन पालथी घातलेली.

"डोमाजीराव, ही तर अंबाडी."

त्यांनी माझी नखं मागितली नाहीत. चुलीतलं लाकूड पुढं सारत, खाली बघत म्हणाले, "तीस वर्सं सुई घेऊन गावोगाव फिरलो, मास्तर. मले पायलं की लोक दारं लावत, लेकरं लपवत. आता रोज सकायी कोणी तरी माह्या दारात येते, मी जिता हाय का पाह्याले. अंबाडीनं कोनाचं काय बिघडून राह्यलं?"

आपण गल्ली बदलत होतो, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाळी सखुबाईंची होती. त्यांना म्हटलं, आज मी जातो. डोमाजीराव ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, कोट, फेटा चापून बांधलेला. पाहायला येणाऱ्यासाठी ते रोज असे तयार होऊन बसत, आणि माझ्या पाळीला कितीदा येऊनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी न सांगता दहाही बोटं पुढं केली. त्यांनी सावकाश एकेक नख पाहिलं, करंगळीचंही.

मग विहिरीवर जाऊन मी सांगितलं, "आहेत. भरा पाणी."