महामायेचे लाड

“महिन्यातून एकदाच नवी थाळी. उपाशी दिसली तरी लाड करायचे नाहीत,” सहा महिन्यांसाठी दुसऱ्या संस्थेत जाताना मॅडमनी बजावलं होतं. प्रयोगशाळेतल्या ताईने मान डोलावली आणि पाठ वळताच ते कानाआड केलं. घरी अकरा महिन्यांची मुलगी असलेल्या बाईला उपाशी ठेवण्यातलं शास्त्र कोण शिकवणार?

ताईच्या हवाली केली होती एक बुरशी. टोमॅटोच्या मुळांतून आत शिरायची आणि आठवडाभरात उभ्या रोपाला मान टाकायला लावायची. मॅडम तिला महामाया म्हणत. पहिल्याच आठवड्यात महामायेच्या कडा ताईला मलूल वाटल्या, म्हणून तिने गुबगुबीत भागाचा तुकडा उचलून ताज्या, गोडसर खाद्याच्या थाळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी महामाया कापसासारखी फुलली. मग काय, दर तिसऱ्या दिवशी नवी थाळी. झाडूवाल्या मावशीसुद्धा म्हणाल्या, की तुझ्या हाताला गुण आहे हो.

मॅडम परतल्या त्याच आठवड्यात बियाणेवाले काका आठ वाणांची रोपं घेऊन हजर झाले. महामायेपुढे जे वाण टिकेल, त्याचं बी पुढच्या हंगामात गावोगाव जाणार होतं. आठवं वाण बुरशीचा जोर कळावा म्हणून सोबतीला आणलेलं, दर परीक्षेत सगळ्यांत आधी मरणारं. काका त्याला नाजूकराव म्हणत.

रोपांच्या मुळांना महामाया लावून तीन आठवडे झाले. आठही वाणं ताठ उभी. काकांनी पोती किती लागतील याचा अंदाज बांधायला घेतला, आणि तेवढ्यात ताईचं लक्ष गेलं. नाजूकरावाला फूल आलं होतं.

नाजूकरावसुद्धा फुलतोय, म्हणजे महामायेत दमच उरला नव्हता. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण ते बी शेतात गेलं आणि तिथे खरी महामाया भेटली तर?

“काका, हा वाणांचा गुण नाही,” ती म्हणाली. “बुरशी बिघडलीय. मी बिघडवलीय.”

काका गोंधळले. “अहो ताई, बुरशी म्हणजेच काहीतरी बिघडलेलं ना? ती आणखी कशी बिघडेल?”

मॅडमनी फक्त विचारलं, की थाळी किती वेळा बदललीस. ताईने खाली मान घालून वही पुढे केली. मुलीच्या वजनाची नोंद ठेवावी तशी ही महामायेची: ‘सकाळी तोंड सुकलेलं. नवी थाळी दिली. संध्याकाळी टवटवीत.’ अशा अठ्ठावन्न नोंदी. आणि जुन्या थाळ्या टाकवेनात म्हणून तारखा घालून थंड कपाटात रांगेने लावलेल्या.

मॅडम स्टुलावर बसल्या. रोग करायची बरीचशी हत्यारं महामायेच्या एका छोट्या, जादा गुणसूत्रावर असतात, त्या सांगू लागल्या. वाढताना कधी कधी एखाद्या धाग्याकडून ते गळतं. शेतात असा धागा टिकत नाही. रोपात शिरताच येत नाही, मग खाणार काय? “पण तुझ्याकडे सगळं आयतं. ओझं टाकलेला धागा सगळ्यांत जोरात वाढला, आणि तू दर वेळी नेमका तोच उचललास. ताई, वर्षानुवर्षं शेतात चालतं ते तू सहा महिन्यांत उलटं चालवून दाखवलंस. आणि पावलापावलाची नोंद ठेवलीस.”

ताईला वाटलं, आता ओरडतील. मॅडमनी वही छातीशी धरली होती.

मॅडमनी जाण्याआधी गोठणपेटीत ठेवलेली मूळ महामाया शाबूत निघाली. काकांची परीक्षा नव्याने झाली. दोन वाणं तरली, नाजूकराव चौथ्या दिवशी गेला. मॅडम तेव्हापासून त्या अठ्ठावन्न थाळ्यांसमोर बसल्या आहेत, गुणसूत्र नेमकं कितव्या थाळीत गळलं ते शोधत. काय ती चिकाटी, ताई सगळ्यांना सांगत सुटते. फक्त मॅडमचा डबा परवापासून उघडलेला नाही, आणि खाऊ घालण्याच्या बाबतीत ताईचा शब्द आता त्या इमारतीत चालत नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर जरा आत डोकावा, आणि त्या जेवल्या का, तेवढं बघून या.