रशीदचाचा आणि नवाबाचं आजोळ

सास्तूरच्या शिवारात गुळवेल दिसली की रशीदचाचा थेट घरात शिरून कुदळ मागतात. वेल कुणाची, घर कुणाचं, हा प्रश्न त्यांना पडत नाही. कोरोनात गावानं काढ्यासाठी हौसेनं लावलेल्या गुळवेली त्यांनी एकेक करून उपटल्या. सरपंचांच्या दारातलीसुद्धा, आणि तीही सरपंचांच्याच हातून.

चाचांची मोसंबीची बाग आमच्या बागेला लागून. फवारणीचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. दिवस मावळला की फळात सोंड खुपसून रस पिणाऱ्या पतंगाला ते 'नवाब' म्हणतात.

"दिवसभर झोपतो, मगरिबनंतर सरबत प्यायला येतो. नवाबच की! फवारा मारून काय व्हतंय? तो काय तुझ्या बागेत मुक्कामाला हाय?"

म्हणून चाचा सांजेला बागेत पाला जाळून धूर करतात, आंबवलेल्या गुळाच्या पाण्याची मडकी टांगतात, पडलेली फळं वेचून पुरतात. आणि गुळवेल उपटतात, कारण या पतंगाच्या अळ्या तिच्यावर वाढतात.

"त्ये नवाबाचं आजोळ हाय. आजोळ मोडलं की नातू येतोय कशाला?"

मी हसायचो. पण फवारून फवारून मी थकलो तरी माझ्याच झाडांखाली गळलेल्या फळांचा सडा पडायचा. शेवटी मीही मडकी टांगली.

मग चाचांची नजर आमच्या परसातल्या कडुलिंबावर गेली. त्यावर आईची गुळवेल चढलेली; गुडघेदुखीवर ती तिचाच काढा प्यायची.

"भाभी, कुदळ द्या."

"कशाला?"

"आजोळ मोडायचंय."

"आन् माझे गुडघे काय तुमचा नवाब चोळनार हाय? वेलीला हात लावायचा न्हाय!"

चाचांना कुणी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी वेलीचं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "बरं. वेल तुमची, अळी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा चष्मा लावून हजर. पान न् पान उलटायचे, अळी दिसली की साबणाच्या पाण्याच्या डब्यात. आई ओट्यावरून चुका काढायची, "ती वरची ऱ्हायली की." मग चहा. चहाबरोबर हैदराबादला दिलेल्या लेकींच्या गोष्टी. चाची गेल्यापासून चाचांच्या घरी त्या ऐकायला कुणी नव्हतं.

त्या हंगामात दोन्ही बागांत मोसंबी लई गुणाची निघाली. माल उमरग्याला गेला, झाडं मोकळी झाली. चाचा मात्र रोज सकाळी येतच राहिले.

एकदा मी म्हणालो, "चाचा, आता झाडाला फळ न्हाय. अळ्या कशाला शोधताय?"

चाचांनी आणखी एक पान उलटलं. डब्यात एकही अळी नव्हती.

"नजर ठेवावी लागतीय रे," ते हळूच म्हणाले.

आई बाहेर आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "रशीदभाई, त्या पल्याडच्या कोपऱ्यात आनखी एक वेल फुटलीया. तीबी रोज बघत जावा."

त्या कोपऱ्यात नुसती भिंत होती. चाचा चष्मा पुसत तिकडं निघाले.