आईसाहेबांच्या मोटारीस क्लिअर मारिला त्याची हकिकत

श्री. ज्या वाऱ्याने रंग उडतो आणि ज्या पाण्याने धूळ बसते त्या दोहोंस हात जोडून लिहिणाराने लिहिले ऐसे की, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, माघ मासी, ज्या राज्यात दुपार सकाळीच सुरू होई आणि दिवेलागणीपर्यंत रेंगाळे, तेथे महाराज झोपाळ्यावर अर्धे जागे अर्धे निजलेले राज्य करीत होते, आणि राज्य बरे चालले होते. महाराजांच्या मातोश्री आईसाहेब. त्यांची एक जुनी मोटार, तळ्याच्या पाण्यासारखी निळी, ती उन्हाने पांढुरकी जाहली. मग आईसाहेबांनी पागेचा रंगारी हैबती यास बोलावून आज्ञा केली की, “हैबती, मी लग्न होऊन आले तेव्हा या मोटारीच्या बोनेटात माझी नथ मोत्यामोत्याने दिसली होती. तशी पुन्हा दिसली पाहिजे.” हैबती बोलिला, “दिसंल, आईसाहेब.” आईसाहेब बोलिल्या, “आणि नाही दिसली तर तू उद्यापासून वेशीबाहेर जायचं आणि मैलाचे दगड रंगवायचे. जन्मभर.” त्या राज्यात मैलाचे दगड फार, आणि पाण्याचे मडके दर सहाव्या दगडाला. हैबतीने मान लवविली.

मग हैबतीने मोटार घासली, पत्र्याचे खड्डे भरिले, निळा रंग चढविला, तो बरा बसला. राहिला शेवटचा लेप, पाण्यासारखा नितळ, ज्यास रंगारी क्लिअर म्हणतात आणि ज्याने रंगास आरशाची चकाकी येते. तो मारावयास नवी स्प्रेगन, म्हणजे वाऱ्याने रंग फवारणारी पिचकारी, पाहिजे होती. दोन आणविल्या. एकीचे भांडे डोक्यावर, दुसरीचे भांडे पोटाखाली लोंबते. दोन्ही मखमलीवर ठेवून दरबारात आणिल्या, कारण त्या राज्यात पळीसुद्धा दरबारात निवडली जाई.

आता तेथील चाल ऐशी की, महाराजांच्या पागोट्याच्या तुऱ्याहून उंच वस्तू कोणी समोर धरू नये. म्हणून भालदार बसून ललकारी देत, नारळीची झाडे खिडकीतून दिसतील तेवढी छाटलेली असत, आणि छत्रीवाला छत्री मिटून काखेत धरी, तेणेकरून महाराज पावसाळाभर भिजत. दुसरी चाल ऐशी की, राजघराण्याच्या वस्तूस रंग देणे तो महाराजांच्या देखत द्यावा. हे सर्व राखणारे दिनकरपंत मानपाननवीस. त्यांनी दोन्ही गन भोवतीने फिरून पाहिल्या आणि भांडे डोक्यावर असलेल्या गनकडे बोट करून म्हणाले, “ही चालायची नाही. डोक्यावर गाडगं घेऊन महाराजांसमोर मिरवणार होय! आणि ही दुसरी बघ कशी, भांडं खाली सोडून. नम्र आहे. खानदानी आहे.”

हैबती बोलिला, “पंत, ती नम्र न्हाई, तहानलेली हाय. खालनं वर ओढून पिती, तिला वारा लई लागतो. निम्मा माल मोटारीवर जाईल, निम्मा आपल्या अंगावर. वरच्या भांड्यातनं क्लिअर आपल्याच वजनानं उतरतो. वारा थोडका, फवारा बारीक, धुकं कमी. क्लिअरला हीच पायजे.”

“तुला गन निवडायला बोलावलंय की मला शिकवायला?”

“गन निवडायलाच की, पंत.”

“मग ही निवड,” म्हणोन पंतांनी लोंबत्या भांड्याची त्याच्या हाती दिली. महाराज झोपाळ्यावरून “ढग छान आहेत” ऐसे बोलिले. त्याचा अर्थ मंजुरी ऐसा धरिला गेला.

मग पंचमीस मोटार दरबारात उभी केली. हैबतीने तोंडास मास्क बांधिला आणि सर्वांस मास्क वाटिले, परंतु मिशा झाकणे ही बेअदबी ठरून कोणी बांधिले नाहीत. हैबतीने हवेची नळी जोडली, मनात देवाचे नाव घेतले आणि घोडा दाबिला. तो लोंबत्या भांड्याची गन ऐशी फुरफुरली की पांढरे धुके उठले, आणि धुके दरबारभर हळू हळू पसरले, आणि झुंबर दिसेनासे जाहले, मग सरदार दिसेनासे जाहले, आणि सर्वांस वाटले आपण पहाटे डोंगरावर आहो. एक सरदार दुसऱ्यास धुक्यातून विचारिता जाहला, “गाव किती लांब राहिलं हो?” दुसरा बोलिला, “ती टेकडी उतरलो की आलंच.” तेवढ्यात महाराज शिंकून जागे जाहले, आणि महाराज जागे होताच मुजरा करावा म्हणोन दिनकरपंत कमरेत वाकले. तो धुके खाली बसले.

धुके बसले ते ज्यावर बसले ते चकचकीत जाहले. मिशा काचेच्या जाहल्या. अंगणातील मोराने दारात येऊन पिसारा फुलविला होता, तो मिटेना. आणि दिनकरपंतांचा अंगरखा वाळून पत्र्यासारखा कडक जाहला, ते वाकलेले तैसेच राहिले. अंगरखा कापावा तर तो महाराजांनी दिलेला, त्यास कात्री लावणे गुन्हा, आणि तो नियम पंतांचाच. मग पंत जातील तेथे मुजरा करीत गेले. झाडूवालीस मुजरा, दूधवाल्यास मुजरा, पागेतील गाढवासही मुजरा जाहला. झाडूवाली सखूबाई म्हणाली, “असू द्या, पंत, इतकं कशाला!”

आईसाहेबांनी तेव्हाच बोनेटात पाहिले. क्लिअर कोठे कोरडा, कोठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. आईसाहेब बोलिल्या, “ही नथ आहे की भिजत घातलेली तूर? हैबती, दगड.”

हैबती बोलिला, “आईसाहेब, जातो. पन एकदा माझ्या पसंतीच्या गननं मारू द्या, मग जातो.” आईसाहेबांनी तीन दिवस दिले. हैबतीने क्लिअर पूर्ण वाळू दिला, पॉलिशपेपर पाण्यात भिजवून बोनेट पुन्हा मऊ घासले. परंतु तुऱ्याचे काय करावे, हे त्यास सुचेना. महाराजांस माडीवर बसवावे तर ते पेंगून खाली येतील. महाराजांविना मारावे तर दुसरी चाल मोडते. हैबतीने मैलाच्या दगडांसाठी जाड ब्रश धुवून ठेविला.

अष्टमी आली. क्लिअर मारण्याआधी धूळ उडू नये म्हणोन हैबती नेहमी फरशीवर पाणी शिंपडी. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हते, बादल्यांवर बादल्या ओतल्या गेल्या, आणि दरबारात घोट्याएवढे पाणी जाहले. पाणी स्थिरावले, झुंबर पाण्यात उलटे फुलले, झोपाळा खाली झुलू लागला आणि त्यावर महाराज उलटे निजले. हैबतीने भांडे डोक्यावर असलेली गन उचलली. सरदार ओरडले, “पंत, तुरा! तुरा!”

दिनकरपंतांची मान वर होईना. तीन दिवस ते फरशीच पाहात होते. त्यांनी पाण्यात पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “मला तर भांडं तुऱ्याच्या खाली दिसतंय.”

“पंत, ते पाण्यात!”

“मला जे दिसतं तोच नियम. मार रे हैबती.”

मग हैबतीने आधी पुठ्ठ्यावर फवारा तपासला, तो अंड्यासारखा लांबट आला. मग बोनेटापासून एक वीत धरून, निम्म्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवीत, हात न थांबविता गेला. धुके उठले ते मुंगीच्या श्वासाएवढे. थांबला, पुठ्ठ्यास बोट लावून चिकटपणा पाहिला, दुसरा हात दिला. वाळता वाळता बोनेटात आधी झुंबर आले, मग खिडकी आली, मग छाटलेली नारळी आली.

आईसाहेब पाण्यातून चालत आल्या आणि वाकल्या. फार वेळ पाहात राहिल्या. हैबतीने डोळे मिटले. आईसाहेब बोलिल्या, “एक मोती नाही.”

आईसाहेबांनी नथ चाचपली, तो एका मोत्याची जागा रिकामी. “खरंच नाही. कधीपासून नाही रे?” कोणी म्हणे काल, कोणी म्हणे छे. शेवटी सखूबाई बोलिली, “अकरा वर्सं झाली, आईसाहेब. आम्हांला वाटलं तुम्हांला ठाव हाय.” आईसाहेबांनी सरदारांकडे पाहिले, जे रोज सकाळी नथीची तारीफ करीत होते. मग हैबतीस म्हणाल्या, “तू कुठंही जायचं नाहीस.”

ऐसे जाहले. हैबती रंगारी पागेत राहिला, दिनकरपंतांचा अंगरखा चैत्रात घामाने सुटला, मोर तैसाच आहे. मैलाचे दगड कोणी रंगविले नाहीत, म्हणोन त्या राज्यात गाव किती लांब राहिले हे आजही वाटसरूस कळत नाही, आणि विचारिले तर लोक म्हणतात, ती टेकडी उतरलो की आलंच. इति.