एकोणसत्तरची झेड

"गाडी एकोणसत्तरची आहे," खंडोजीराव म्हणाले, आणि शुभंकरनं मोठ्या जाणकारीनं मान डोलावली.

कन्नड मुलखातल्या देवनहळ्ळीत त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये एक लाल डॅटसन टू-फॉर्टी झेड उभी होती. लांब नाक, आखूड शेपूट, स्टिअरिंग डाव्या बाजूला. खंडोजीरावांच्या वडिलांनी ती कोण्या अमेरिकन साहेबाकडून घेतली होती. साहेब देश सोडून निघाला होता आणि गाडी त्याच्या सामानात मावत नव्हती. लोक मुलगी बघायला जातात, शुभंकर गाडी बघायला आला होता. प्रत्यक्षात बघितला जात होता तोच. कारण रम्या ही खंडोजीरावांची एकुलती एक मुलगी, आणि शुभंकरला तिच्याशी लग्न करायचं होतं.

दोघं एचएसआर लेआउटमध्ये एकाच ऑफिसात कामाला. तो पुण्याचा, ती चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन इथलीच होऊन गेलेल्या मराठी घरातली. "अप्पा, तो पुण्याचा आहे. त्याच्याशी कन्नड मिसळून बोलू नका हं," असं तिनं वडिलांना बजावलं होतं. ते खंडोजीरावांना फारच लागलं. चारशे वर्षांत आपण मराठी विसरलो नाही हे या मुलाला दाखवूनच द्यायचं, असं ठरवून ते सकाळपासून इतकं भरजरी बोलत होते, की शुभंकरला आपण ताम्रपट ऐकतोय असं वाटायला लागलं होतं.

"आसनस्थ व्हा," ते म्हणाले होते. मग न राहवून कन्नडातलं 'जरा' निसटलंच, "पंखा लावू स्वल्प?"

शुभंकरचं दुखणं निराळंच होतं. तो शिकला इंग्रजी शाळेत. मराठी त्याचं चांगलं होतं, पण आकडे आले की ते वीसच्या पुढे धापा टाकायचं. पुण्यात भाजीवाली 'अडतीस' म्हणाली की हा सरळ शंभराची नोट पुढे करायचा. उरलेले तीच परत देईल यावर त्याचा गाढ विश्वास होता. पण भावी सासऱ्यांना 'एकोणसत्तर म्हणजे किती?' असं विचारणार कसं? पुण्याची अब्रू होती. त्यानं मनातल्या मनात फोड केली. एक आणि सत्तर. नाइन्टीन सेवंटी-वन. सोपं तर आहे!

"एकोणसत्तर, म्हणजे गोल बिल्ला, काका," तो ठामपणे म्हणाला.

खंडोजीरावांचे डोळे चमकले. "शाबास! तोच बिल्ला हरवलाय. दोन्ही बाजूंचा."

आता या विषयात शुभंकरचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता. झेडला त्यानं आजवर बोट लावलेलं नव्हतं, पण तिच्या प्रत्येक वर्षाच्या फरकावर तो जेवणाच्या सुट्टीत न थांबता बोलायचा, आणि माणसं डबे अर्धवट ठेवून उठायची. सुरुवातीच्या गाड्यांना मागच्या काचेखाली दोन आडव्या जाळ्या असत आणि छताला आधार देणाऱ्या मागच्या खांबावर लांबट बिल्ला, त्यावर '240Z'. पुढे एकाहत्तरात जाळ्या गेल्या. आतली हवा बाहेर पडायची वाट खांबातून काढली, आणि त्या भोकावर झेडचा गोल बिल्ला बसला. मागचं दार बघितलं की साल कळतं, इतकं ते सोपं. फक्त खंडोजीरावांच्या गाडीवर मागे एकदा फणस पडला होता, आणि मूळ दाराच्या जागी गावातल्या डेंटरनं ठोकून दिलेला सपाट पत्रा होता. त्यावर जाळीही नव्हती आणि साक्षही नव्हती.

"रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे," खंडोजीराव म्हणाले. "त्यात ही बिल्ल्यासकट निघू दे. मग निवांत बसून तुमचं आणि रम्याचं बोलू. पण एक ध्यानात ठेवा. गाडीला नवीन ओरखडा नको, नवीन भोक नको. वडिलांची आठवण आहे."

"निश्चिंत असा," शुभंकर म्हणाला. ताम्रपट त्यालाही लागला होता.

बिल्ले अमेरिकेहून आले, त्याच आठवड्यात सुट्टीवर येणाऱ्या अभिराज नावाच्या मित्राच्या बॅगेतून. शुभंकरनं ते मुनिराजूकडे पोचते केले. मुनिराजू म्हणजे तोच दार ठोकणारा डेंटर; तो खंडोजीरावांच्या शेडमध्येच येऊन काम करायचा. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"सार, बैठता नहीं. बिल्ला के पीछे पाइप है. इधर प्लेन है."

"प्लेन कैसे होगा? उधर होल रहता है. पेंट के टाइम किसी ने बंद किया होगा. खोलो."

"काटूँ, सार?"

"काटो!" शुभंकर म्हणाला. एवढ्यावर न थांबता त्यानं खांबाचा फोटो मागवला, त्यावर बोटानं लाल वर्तुळ काढलं आणि परत पाठवलं. मग सेनापतीच्या थाटात कॅबमध्ये बसून तो देवनहळ्ळीला निघाला.

कॅब हेब्बाळच्या पुलाजवळ अडकली तेव्हा पुण्याहून आईचा फोन आला. प्रमोदिनीबाई प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. रम्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती, पसंतही होती; फक्त 'तिकडचे लोक' कधी बोलावतात याची त्या वाट बघत होत्या.

"आज ठरतंय बघ सगळं," शुभंकर म्हणाला. "त्यांच्या गाडीचा बिल्ला बसला की झालं. एकोणसत्तरची गाडी आहे आई! नाइन्टीन सेवंटी-वन!"



"शुभंकर," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि तो आवाज तिसरीच्या वर्गातला होता. "एकोणीस म्हणजे किती?"

"नाइन्टीन."

"एकोणतीस?"

"थर्टी-वन."

"अरे देवा! एकोण म्हणजे एक उणा! तिसाला एक कमी तो एकोणतीस, ट्वेंटी-नाइन. सत्तराला एक कमी तो एकोणसत्तर. सिक्स्टी-नाइन! तुझ्या बाबांना तेव्हाच म्हणत होते मी, मराठी शाळेत घाला—"

पुढचं शुभंकरला ऐकू आलं नाही. सिक्स्टी-नाइन! म्हणजे अगदी पहिल्या काही गाड्यांतली एक. म्हणजे लांबट बिल्ला. म्हणजे खांब जन्मापासून सपाट, आणि त्या कोऱ्या खांबावर आपण स्वतःच्या बोटानं वर्तुळ काढून 'काटो' म्हणालोय.

त्यानं मुनिराजूला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग रम्याला.

"मुनिराजूला थांबव! आत्ताच्या आत्ता!"

"का? काय झालं?"

"पळ आधी, मग सांगतो!"

फोनवर तिच्या चपलांचा आवाज आला, मग ग्राइंडरची कर्कश किंकाळी. ती वाढत गेली, आणि एकदम बंद पडली. त्या शांततेत मुनिराजूचा प्रसन्न आवाज स्वच्छ ऐकू आला.

"आयतु, मॅडम!"

शुभंकरचं कन्नड तीन शब्दांचं होतं, पण 'झालं' हा त्यातलाच एक होता.

तो पोचला तेव्हा मुनिराजू हात धुऊन चहाला गेला होता. रम्या गाडीपाशी उभी होती. उजव्या खांबाला बशीएवढं गोल भोक पडलं होतं आणि खाली पांढऱ्या भुकटीचा ढीग. शुभंकरनं घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

"तुला माहीत नव्हतं, तुमची गाडी सिक्स्टी-नाइनची आहे ते?" त्यानं विचारलं.

"ती लाल आहे, एवढंच मला माहीत आहे," रम्या म्हणाली. "आता अप्पांना काय सांगायचं? अरे, रविवारी नेसायची साडीसुद्धा मी गाडीच्या रंगाची काढून ठेवलीय."

फाटक वाजलं. खंडोजीराव बाजारातून मोगऱ्याची माळ घेऊन आले होते, गाडीसाठी. शुभंकरनं घाईघाईनं खांबाला पाठ टेकली आणि भोक झाकलं.

"असे का उभे? आत चला. कॉफी घ्या."

"इथेच घेतो, काका. इथे हवा छान आहे."

शेडमध्ये हवा अजिबात नव्हती. तरी रम्यानं कॉफी तिथेच आणली. शुभंकरनं ती पाठ न हलवता प्यायली. खंडोजीरावांनी समोर वेताचा मोडा ओढून बैठक मारली आणि वडील याच गाडीतून त्यांना शाळेत कसे सोडायचे ते सांगायला लागले. डाव्या बाजूला बसलेले वडील, उजवीकडे स्टिअरिंगशिवाय मुलगा. आठ वर्षांचा पोरगाच गाडी चालवतोय असं वाटून बाजारातली माणसं बाजूला पळायची. सांगता सांगता त्यांचे डोळे ओले झाले, आणि तिथे शुभंकरचा धीर सुटला. बिल्ला चिकटवून भोक लपवता आलं असतं. पण या माणसाला फसवून त्याची मुलगी मागणं त्याच्यानं होईना.

"काका," तो बाजूला सरकला. "मी तुमच्या गाडीला भोक पाडलं."

खंडोजीराव उठले. खांबाजवळ गेले. भोकात बोट घालून त्यांनी ते आतून फिरवलं. रम्यानं डोळे मिटून घेतले.

"चूक माझीच आहे. मला आकडे येत नाहीत," शुभंकर घडाघडा बोलत सुटला. "तुम्ही एकोणसत्तर म्हणालात, मला वाटलं सेवंटी-वन. आईनं आत्ता सांगितलं, सिक्स्टी-नाइन. सिक्स्टी-नाइनला इथे भोकच नसतं. माफ करा, काका. लग्नाचं राहू द्या, पण रागावू नका."

"लग्नाचं का राहू द्या?" रम्यानं डोळे उघडून विचारलं.

खंडोजीराव वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

"सिक्स्टी-नाइन कोण म्हणालं?"

"तुम्हीच. एकोणसत्तर."

"मग? एक. ओण. सत्तर." त्यांनी तीन बोटं दुमडली. "सत्तर, वर एक. एप्पत्तोंदु! सेवंटी-वन! साहेबानं घेतली तेव्हा कोरी होती, सेवंटी-वनमध्ये. अहो, नवीन भोक कुठे पाडलंत? हे मूळचंच. आत खारीनं घर केलं होतं, म्हणून वडिलांनी पुट्टी भरून बुजवलं. बघा की, कड कशी कारखान्यातली गोल आहे! मुनिराजूनं निस्ती पुट्टी काढलीय."

शुभंकरनं खाली बघितलं. ढीग पांढऱ्या भुकटीचा होता. पत्र्याची भुकटी पांढरी नसते, एवढं मोटारींच्या या जाणकाराला तोवर सुचलं नव्हतं.

खंडोजीरावांनी खिशातून रुमाल काढून भोकाची कड पुसली आणि बिल्ला आत सरकवला. खट् असा आवाज आला. बिल्ला असा बसला, की रम्यानंसुद्धा "वा!" म्हटलं.

"पण काका, एकोण म्हणजे—" शुभंकर म्हणाला, आणि त्याची नजर फाटकाकडे गेली. 'आमचं घर एकोणचाळीस नंबर' असं पहिल्या दिवशी खंडोजीरावांनी फोनवर सांगितलं होतं, आणि ते त्यानं एका फटक्यात शोधलं होतं. फाटकावर मोठ्या पितळी अक्षरांत लिहिलं होतं: 41.

"एकोण म्हणजे काय?" खंडोजीरावांनी विचारलं. चारशे वर्षं जपलेल्या मराठीचा सगळा अभिमान त्यांच्या तोंडावर होता.

रम्यानं मागून शुभंकरला हळूच चिमटा काढला.

"एकोण म्हणजे वर एक," शुभंकर म्हणाला.

"सरी, बरोबर! पुण्याच्या माणसाला सांगायला नको." त्यांनी माळ गाडीच्या नाकावर चढवली. "आता फेरीची वाट कशाला बघायची? गुरुजींकडून मी मुहूर्त काढूनच ठेवलाय. रम्याची आई आज असती तर तिनंच सांगितलं असतं. पुढच्या महिन्यात साखरपुडा. तारीख एकोणतीस. लावा तुमच्या मातोश्रींना फोन."

फोन लावायची गरज नव्हती. प्रमोदिनीबाईंचाच येत होता. काळजीनं त्यांनी आतापर्यंत बऱ्याच वेळा लावला होता.

"आई, ठरलं! साखरपुडा पुढच्या महिन्यात. एकतीस तारखेला."

"अरे, मागून ते एकोणतीस म्हणतायत. मला ऐकू आलं."

"हो आई. तेच."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बरं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मग मी एकोणतीसलाच येते. माझ्या एकोणतीसला. येताना अंकलिपी आणते दोन. तुला आणि तुझ्या सासऱ्यांना समोरासमोर बसवून शिकवायला साखरपुड्याआधी दोन दिवस लागतीलच."

"काय म्हणतात विहीणबाई?" खंडोजीरावांनी उत्सुकतेनं विचारलं.

"एकोणतीसला येते म्हणतायत."

"सरी, सरी!" खंडोजीराव खूश होऊन म्हणाले. "म्हणजे तारखेवर एकमत झालं!"